पाद्र्यांची शाळा : इमारत पाडण्यापूर्वी तिचा खरा इतिहास जमवायचा आहे

टिळकवाडीकर :

नमस्कार मंडळी. बेळगावात कॅम्प (म्हणजे लष्करी छावणीचा भाग) आणि टिळकवाडी यांच्या मधल्या पट्ट्यात, मुख्य रस्त्यापासून थोडी आत, एक बैठी कौलारू इमारत आहे. आमच्या भागातले जुने लोक तिला अजूनही ‘पाद्र्यांची शाळा’ म्हणतात. शाळा बंद होऊन कितीतरी वर्षे झाली. मध्यंतरी तिथे सिमेंटच्या पोत्यांचे गोदाम होते, नंतर काही काळ शिकवण्या चालल्या, आणि गेल्या पावसाळ्यात मागच्या बाजूचे छप्पर बसल्यापासून ती कुलूपबंद आहे. पंधरा दिवसांपूर्वी फाटकाच्या आत पत्र्याचे कुंपण उभे राहिले. इमारत पाडणार की दुरुस्त करणार, याबद्दल खात्रीचे असे कोणी काही सांगत नाही. पण कुंपण दुरुस्तीसाठी घातले आहे, असे बघणाऱ्याला वाटत नाही.

मी त्या शाळेत शिकलेलो नाही. माझे दोन्ही काका आणि आत्या तिथे शिकले. तिघांपैकी आता कोणीही हयात नाही, आणि त्यांच्याकडून विचारून घ्यायचे राहून गेले, ही खंत मला आहे. म्हणून गेल्या रविवारी राखणदाराची परवानगी घेऊन मी तासभर आत फिरून आलो. जे पाहिले ते जसेच्या तसे इथे लिहितो.

पाच खोल्या एका ओळीत आहेत आणि त्यांच्यापुढे लांब ओसरी आहे. भिंती जांभ्याच्या असून दोन फुटांपेक्षा जाड आहेत. जिथे गिलावा सुटला आहे तिथे चिऱ्यांमधला चुना दिसतो. मधल्या दाराच्या वर एक कोरीव दगड बसवलेला आहे. त्यावर ‘ए, एम, डी, जी’ ही चार इंग्रजी अक्षरे नीट वाचता येतात. त्याखाली साल असावे, पण वर्षानुवर्षे मारलेल्या चुन्याच्या थरांखाली ते पूर्ण बुजले आहे. सगळ्यात शेवटच्या खोलीत भिंतीतच केलेला काळा फळा आहे, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या तैलरंगात, वळणदार देवनागरीत, एकाखाली एक दोन शब्द आहेत : ‘पट’ आणि ‘हजर’. पुढच्या जागेत आकडे लिहायचे, ते रोज खडूने लिहून रोज पुसले जात असणार. शब्द मात्र राहिले आहेत. त्या दोन शब्दांपुढे मी बराच वेळ उभा होतो.

आता मुद्दा. आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा मजकूर फिरतो आहे की ही इमारत १८५६ सालची आहे, ती इंग्रज सैनिकांच्या मुलांसाठी बांधली होती आणि तिथे फक्त इंग्रजीतून शिकवत. हे तिन्ही दावे मला संशयास्पद वाटतात. फळ्यावरचे ते दोन शब्द तर तिसऱ्या दाव्याला उघडच खोटे ठरवतात. इमारत वाचावी असे मला मनापासून वाटते. पण ती वाचवण्यासाठी चुकीचे साल सांगितले, तर पहिल्याच सुनावणीत आपण उघडे पडू. आणि वाचली नाही, तर तिच्यामागे निदान खरा वृत्तांत तरी राहिला पाहिजे. ज्यांना या शाळेविषयी, कॅथलिक शाळांच्या कागदपत्रांविषयी किंवा जुन्या बांधकामाविषयी माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दप्तरखाना :

आपण पाहणी करून लिहिले, त्यामुळे चर्चेला धरायला काहीतरी आहे. माझे आयुष्य जुनी कागदपत्रे चाळण्यात गेले, म्हणून त्या अंगाने लिहितो.

१८५६ हे साल कुठून आले असावे, हे सांगणे अवघड नाही. कॅम्पातील सेंट पॉल्स हायस्कूलची स्थापना १८५६ सालची आहे, आणि ते साल बेळगावात सर्वांना तोंडपाठ आहे. गावात एक प्रसिद्ध कॅथलिक शाळा असली की तिचे साल हळूहळू बाकीच्या कॅथलिक वास्तूंनाही चिकटते. प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) चर्चला जोडून जी छोटी प्राथमिक शाळा असे, तिचा इतिहास अशा मोठ्या शाळेहून वेगळा असतो. तिला मोठा निधी नसे, तिचा स्मरणग्रंथ निघत नसे, तिचे माजी विद्यार्थी पुढे हायस्कूलचे माजी विद्यार्थी म्हणूनच ओळखले जात. त्यामुळे अशा शाळेबद्दल लिहिलेले फार कमी सापडते आणि ऐकीव माहितीला मोकळे रान मिळते.

दगडावरची चार अक्षरे महत्त्वाची आहेत. ‘अॅड मायोरेम देई ग्लोरियाम’ या लॅटिन वचनाची ती आद्याक्षरे आहेत. अर्थ, ‘देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी’. हे जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे ब्रीद आहे. जेझुइटांच्या शाळांत मुले वहीच्या पानाच्या डोक्यावर ही चार अक्षरे लिहीत असत. त्यामुळे इमारत उभारताना जेझुइट फादरांचा हात होता, असे मानायला चांगला आधार आहे. ‘मिशनची शाळा’ असा उल्लेख जुन्या गॅझेटियरमध्ये किंवा अहवालात दिसला, तर मात्र थांबून विचार करा. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० पासून होते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडे गेले. बेनन स्मिथ हायस्कूल त्या परंपरेतले आहे. ती मंडळी प्रोटेस्टंट. जुन्या सरकारी कागदांत नुसते ‘मिशन’ म्हटले असेल, तर बहुतेक वेळा त्यांचीच शाळा अभिप्रेत असते.

आता कागद कुठे शोधायचे ते सांगतो. बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९ सप्टेंबर १९५३ रोजी निर्माण झाला, आणि तो पुणे धर्मप्रांत व गोव्याचा महाधर्मप्रांत या दोन्हींचे भाग तोडून केला गेला. म्हणजे १९५३ नंतरचे कागद कॅम्पातच, बिशपांच्या कार्यालयात, मिळण्याची शक्यता आहे. त्याआधीच्या कागदांसाठी जागा कोणत्या अधिकारात होती ते आधी ठरवावे लागेल. जेझुइटांची असेल तर पुण्याकडे, कारण पुणे धर्मप्रांत १८८६ पासूनचा आणि तिथे जेझुइटांचेच काम होते. गोव्याच्या पाद्र्यांकडे असेल तर पणजीच्या आल्तिन्हो टेकडीवरच्या आर्चबिशपांच्या कार्यालयाकडे, आणि ते कागद पोर्तुगीज भाषेत असतील. बेळगावकर म्हणून आपल्याला हे विचित्र वाटते, पण एकाच तालुक्यातल्या दोन चर्चची कागदपत्रे दोन वेगवेगळ्या दिशांना गेलेली असू शकतात.

सरकारी बाजू निराळी. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खासगी आणि मिशनरी शाळांना अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली, आणि मुंबई इलाख्याचे शिक्षण खाते १८५५ मध्ये स्थापन झाले. अनुदान घ्यायचे तर तपासणी मान्य करावी लागे. ‘डिपटी’ (सरकारी शाळातपासनीस) आले की मुलांची परीक्षा होई, शेरेबुकात शेरा लिहिला जाई, आणि त्यावर पुढच्या वर्षीचे अनुदान ठरे. शेरेबुक हे कोणत्याही जुन्या शाळेच्या इतिहासाचे सर्वांत मोलाचे साधन आहे, कारण त्यात पट, शिक्षक, भाषा, खोल्यांची अवस्था हे सगळे एका तिऱ्हाईत माणसाने जागेवर उभे राहून लिहिलेले असते. ते सापडले तर बाकीचे निम्मे काम झाले म्हणून समजा. इलाख्याच्या शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पाहता येतात.

खानापूरचा जांभा :

मी बांधकाम व्यवसायात आहे आणि जुनी घरे उतरवण्याची कामे बरीच केली आहेत. इमारतीचे वय कागदाशिवायही काही प्रमाणात वाचता येते, म्हणून लिहितो.

सर्वप्रथम कौले पाहा. मंगळुरी कौलाच्या खालच्या अंगाला कारखान्याचे नाव उठावाने छापलेले असते. मंगळूरला अशा कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या जर्मन-स्विस प्रोटेस्टंट संस्थेने १८६५ मध्ये काढला. त्यानंतर १८६८ मध्ये आल्बुकर्क यांचा कारखाना निघाला. इथे एक चूक हमखास होते आणि मी ती अनेक ठिकाणी पाहिली आहे : कौलावर ‘१८६८’ असे साल दिसते आणि घरमालक सांगतो की घर १८६८ सालचे आहे. ते साल कारखान्याच्या स्थापनेचे असते. कारखाना चालू होता तोपर्यंत दरवर्षीच्या कौलावर तेच छापले गेले.

नावावरून मात्र काळ कळतो. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनचे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारने ताब्यात घेतले आणि १९१९ मध्ये ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या नव्या कंपनीकडे गेले. म्हणून ‘बासेल मिशन’ छापलेले कौल युद्धापूर्वीचे आणि ‘कॉमनवेल्थ’ छापलेले कौल १९१९ नंतरचे. मागचे छप्पर पडले आहे म्हणता, तर ढिगाऱ्यातली दहा-वीस कौले उलटी करून बघा आणि प्रत्येकाचे छायाचित्र घ्या. आपल्याकडचा पाऊस असा आहे की दर उन्हाळ्यात शाकारणी करताना फुटकी कौले बदलावीच लागतात, त्यामुळे एका छपरावर चार कारखान्यांची कौले असणे नेहमीचे आहे. त्यात सगळ्यात जुने जे सापडेल, ते महत्त्वाचे. अर्थात कौलावरून छपराचा काळ कळतो. भिंती त्याहून जुन्या असू शकतात, कारण पूर्वी गवताने शाकारलेल्या कितीतरी इमारतींवर नंतर कौले चढली.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. रेल्वे येण्यापूर्वी मंगळूरचा माल गलबताने वेंगुर्ल्याला उतरून बैलगाडीने घाट चढून बेळगावात येत असे. कौल जड आणि नाजूक. वाटेतली फूट धरून ते महागच पडणार. बेळगावला रेल्वे आली ती १८८० च्या दशकाच्या शेवटी. त्यानंतर एका धर्मग्रामाच्या छोट्या शाळेलाही मंगळुरी छप्पर परवडण्यासारखे झाले असणार, असा माझा अंदाज आहे. हा अंदाजच आहे, पुरावा म्हणून कोणी वापरू नये.

दगडावरचे साल वाचण्यासाठी तारेचा ब्रश मुळीच लावू नका. जांभा मऊ असतो, आणि चुन्याबरोबर अक्षरांच्या कडाही निघून जातात. संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, भिंतीला चिकटवून धरा, म्हणजे उजेड आडवा पडेल आणि खोलगट रेघांमध्ये सावली भरेल. चुन्याच्या थराखालची अक्षरेसुद्धा अशा उजेडात बऱ्याचदा ओळखू येतात.

संतीबस्तवाडची लेक :

हा धागा वाचून मी काल माझ्या आईपुढे बसून तो मोठ्याने वाचून दाखवला. माझी आई त्या शाळेत शिकली आहे. ‘पट’ आणि ‘हजर’ हे शब्द ऐकल्यावर ती म्हणाली, “ते मास्तर रंगवत होते तेव्हा आम्ही दारात उभ्या होतो. रंग वाळेपर्यंत आम्हाला आत सोडले नव्हते.” ते कोणते साल, हे तिला सांगता येत नाही.

आम्ही कॅथलिक. आईच्या शब्दांत सांगायचे तर घरी कोकणी, चर्चमध्ये लॅटिन, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी, असे तिचे बालपण गेले. शाळा पूर्णपणे मराठी माध्यमाची होती, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नाही. इंग्रजीतून शिकायचे तर कॅम्पात कॉन्व्हेंट होते, आणि तिथे पाठवण्याची ऐपत ज्यांच्याकडे नव्हती त्यांची मुले इथे येत. सैनिकांची मुले तिने कधी पाहिली नाहीत. वर्गात निम्म्याहून अधिक मुली हिंदू होत्या. पहिल्या तासाला कॅथलिक मुलांना फादर धर्मशिक्षण शिकवत, आणि त्याच वेळी बाकीच्या मुलांना दुसऱ्या खोलीत मास्तर नीतिपाठ घेत. आई म्हणते की नीतिपाठातल्या गोष्टी जास्त चांगल्या असत, म्हणून ती दाराशी कान लावून ऐकायची, आणि त्याबद्दल तिला सिस्टरांकडून एकदा छडीही मिळाली.

शहापूरकडून विणकरांच्या मुली येत. शहापूर त्या वेळी सांगली संस्थानात होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्या मुली रोज सकाळी संस्थानातून निघून ब्रिटिश मुलखात शाळेला येत होत्या. मोठ्यांनी आखलेली ती हद्द मुलींच्या गावीही नव्हती. पहाटे उठून मागासाठी कांड्या भरायच्या आणि मग चालत शाळेत यायचे, असा त्यांचा दिवस होता. आईची एक मैत्रीण वर्गात बसल्या बसल्या झोपी जायची, आणि मास्तर तिला उठवत नसत. हे सांगताना आईचे डोळे भरून आले.

आईचा शाळा सोडल्याचा दाखला आमच्या घरी आहे. तो १९५१ सालचा आहे. कागद छापील असून डोक्यावर ‘मुंबई इलाखा’ असे मराठीत छापले आहे. त्यातले ‘इलाखा’ खोडून शाईने ‘राज्य’ केले आहे, म्हणजे जुने छापील दाखले संपेपर्यंत वापरत असावेत. जनरल रजिस्टरचा क्रमांक एक हजाराच्या थोडा पुढे आहे. तपशील घरगुती असल्याने छायाचित्र इथे टाकत नाही, पण टिळकवाडीकर यांना प्रत्यक्ष दाखवायला आणेन.

दप्तरखाना :

ताई, आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, शक्य असेल तर ध्वनिमुद्रण करा. आपण त्या मजकुराला सुधारून नीटनेटके करायला जाऊ नये.

रजिस्टरचा क्रमांक फार उपयोगी आहे. जनरल रजिस्टरमध्ये शाळा सुरू झाल्यापासून प्रत्येक नव्या मुलाला पुढचा क्रमांक मिळतो आणि तो दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. आईंना दाखला १९५१ मध्ये मिळाला, पण क्रमांक मिळाला तो शाळेत नाव घातले तेव्हा, म्हणजे त्याआधी सहा-सात वर्षे, १९४४-४५ च्या सुमारास. पाच खोल्यांच्या शाळेत दरवर्षी सरासरी वीस ते पंचवीस नवी मुले आली असे धरले, तर हजारापर्यंत पोहोचायला चाळीस ते पन्नास वर्षे लागतात. या हिशेबाने रजिस्टरची सुरुवात १८९५ ते १९०५ च्या आसपास पडते.

दोन अडचणी मात्र ध्यानात ठेवाव्यात. काही शाळांत मुलामुलींची रजिस्टरे वेगळी असत, आणि तसे असेल तर हा हिशेब फक्त मुलींच्या नोंदींना लागू होईल. शिवाय रजिस्टर गहाळ झाले किंवा व्यवस्थापन बदलले, की क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत. या दुसऱ्या शक्यतेला इथे विशेष कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई-पुण्याच्या मिशनमध्ये जर्मन जेझुइटांचे काम होते. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध केले गेले आणि पुढे त्यांच्यातल्या बहुतेकांना मायदेशी पाठवण्यात आले. एका फटक्यात शाळा आणि चर्च चालवणारी माणसेच गेली. ज्या युद्धाने कौलावरचे नाव बदलले, त्याच युद्धाने हे फादरही नेले. म्हणून त्या काळातली बाप्तिस्म्याची नोंदवही पाहायला मिळाली, तर १९१४ ते १९२० या वर्षांत हस्ताक्षर बदलते का, आणि शाळेच्या खर्चाची नोंद थांबते का, हे आवर्जून पाहावे.

निपाणीकर :

सगळे वाचले. शाळा मराठी होती हे सिद्ध झाले, मग ती बंद का पडली तेही कोणीतरी स्पष्ट लिहायला हवे. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि त्यानंतर सीमाभागातल्या मराठी शाळांचे काय झाले, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. या इमारतीचा इतिहास सीमाप्रश्नाशिवाय लिहिता येणार नाही.

टिळकवाडीकर :

निपाणीकर साहेब, आपली कळकळ मला समजते, आणि १९५६ हा टप्पा या वृत्तांतात येणारच. त्या वर्षानंतर तपासणी, अभ्यासक्रम, अनुदान हे सगळे दुसऱ्या राज्याच्या खात्याकडे गेले आणि कागदांची भाषा बदलली. लहान शाळेला त्याचा जाच झाला नसेल, असे मी म्हणणार नाही. परंतु या एका शाळेपुरते बोलायचे तर मला आमच्या घरातलेही सांगितले पाहिजे. माझे काका आणि आत्या तिथे शिकले, पण आम्हा पुढच्या पिढीतल्या सहाही मुलांना घरच्यांनी इंग्रजी माध्यमात घातले. त्या वेळी पाद्र्यांची शाळा चालू होती आणि आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होती. कोणत्याही सरकारने आमच्यावर सक्ती केली नव्हती. गल्लीतल्या बहुतेक घरांनी तेच केले. फळ्यावरच्या ‘पट’ या शब्दापुढचा आकडा कमी कमी होत गेला, त्यात आमच्या घरची सहा नावे आहेत. शाळा बंद पडण्याची कारणे लिहिताना दोन्ही गोष्टी लिहू, एवढीच विनंती.

आता जागेविषयी. शनिवारी मी दोन कचेऱ्यांत जाऊन आलो. एका ठिकाणी सांगितले की ती जागा छावणीच्या हद्दीत आहे, दुसऱ्या ठिकाणी सांगितले की शहराच्या. दोन्हीकडे लेखी काही मिळाले नाही आणि दिवस वाया गेला.

दप्तरखाना :

हद्दीचा प्रश्न आधी सोडवा, कारण पुढचा सगळा शोध त्यावर अवलंबून आहे. जागा छावणीत असेल तर १९२५ च्या आणि नंतर १९३७ च्या कँटोन्मेंट जमीन नियमांप्रमाणे ठेवलेल्या जनरल लँड रजिस्टरमध्ये तिची नोंद असली पाहिजे. त्यात सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, जमीन कोणाची, ताबा कोणाचा आणि कोणत्या हक्काने, हे सर्व असते. जमीन सरकारची आणि वरचे बांधकाम तेवढे चर्चचे, असा प्रकार छावणीत सर्रास आढळतो. फाटकाच्या खांबावर ‘बी.सी.’ अशी अक्षरे आणि पुढे आकडा आहे का, ते पाहा. कॅम्पातल्या बंगल्यांचे क्रमांक तसे असतात. जागा हद्दीबाहेर असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा काढा, आणि जुना फेरफारही मागा.

हे लवकर करण्याचे आणखी एक कारण आहे. छावण्यांचे नागरी भाग जवळच्या नगरपालिकांना जोडण्याचे केंद्र सरकारचे धोरण आहे, २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योलची छावणी त्यानुसार मोडीत निघाली, आणि बेळगावच्या बाबतीतही तशी चर्चा आहे. दप्तर एका कचेरीतून दुसरीकडे हलते तेव्हा काय काय हरवते, ते मी जन्मभर पाहिले आहे. नक्कल आत्ताच काढून ठेवावी.

कॅम्पवासी :

मी या धाग्यावर उशिरा आलो. एक सुचवू इच्छितो. शाळेला जोडलेले चर्च कोणत्या नावाने अर्पण केले होते, त्यावरून काही कळेल का? कॅम्पातले कॅथेड्रल फातिमा मातेचे आहे, आणि पोर्तुगालमधल्या फातिमा गावी मरिया मातेने दर्शन दिल्याची घटना १९१७ ची, म्हणजे ते नाव त्याआधीचे असूच शकत नाही. त्याचप्रमाणे मरिया मातेचे ‘निष्कलंक गर्भसंभव’ हे नाव असेल तर ते १८५४ नंतरचे म्हणता येईल, कारण पोपनी तो सिद्धान्त त्या वर्षी जाहीर केला.

दप्तरखाना :

फातिमाच्या बाबतीत आपले म्हणणे बरोबर आहे. दुसरे उदाहरण टिकत नाही. पणजीचे याच नावाचे चर्च मुळात १५४१ चे आहे. सिद्धान्त म्हणून घोषणा १८५४ मध्ये झाली, पण त्या नावाची भक्ती कितीतरी जुनी आहे, आणि आपला भाग गोव्याला लागून असल्याने इथे ते नाव कधीही आलेले असू शकते. शिवाय चर्चचे साल आणि शाळेचे साल एकच असेल, असेही नाही.

टिळकवाडीकर :

काल संध्याकाळी खानापूरच्या मित्रांनी सांगितल्याप्रमाणे बॅटरी घेऊन गेलो होतो. राखणदार स्वतः शिडी धरून उभा राहिला. दगडावर अक्षरांखाली रोमन आकडे आहेत, एवढे नक्की झाले. पहिले अक्षर ‘एम’ स्पष्ट आहे. शेवटचे दोन-तीन मात्र चुन्याच्या पोपड्याखाली आहेत आणि मी नख लावले नाही. छायाचित्रे चार बाजूंच्या उजेडात काढली आहेत.

ढिगाऱ्यातली सव्वीस कौले उलटी करून पाहिली. बहुतेकांवर ‘कॉमनवेल्थ’ आहे, काहींवर नाव झिजून गेले आहे, आणि तीन कौलांवर ‘बासेल मिशन’ हे शब्द पूर्ण वाचता येतात. ती तिन्ही एकाच जागी, भिंतीलगतच्या वळचणीत होती. म्हणजे छप्पर निदान पहिल्या महायुद्धापूर्वीचे असावे, आणि आईंच्या दाखल्यावरून काढलेल्या हिशेबाशी ते जुळते. १८५६ ला मात्र कशाचाच आधार नाही. मी आजच त्या व्हॉट्सॲप गटावर दुरुस्ती पाठवली.

खानापूरचा जांभा, कृपया सांगा : ही तीन कौले जपून कशी ठेवावीत?

खानापूरचा जांभा :

फार छान काम केलेत. तीन जुळणे ही चांगली खूण आहे. एखादेच असते तर ते दुसऱ्या घराचे जुने कौल आणून बसवले असेही म्हणता आले असते, आणि ती शक्यता तिघांच्या बाबतीतही पूर्ण जात नाही. म्हणून आता उभ्या असलेल्या पाख्यावरची कौलेही पाहायला हवीत. कौले धुऊ नका, वाळू द्या आणि उभी ठेवा. एकावर एक रचलीत तर उठावाची अक्षरे झिजतात. कुठल्या जागी सापडली ते कौलावर खडूने न लिहिता चिठ्ठीवर लिहून सोबत बांधा.

ओसरीच्या टोकाला शाळेची घंटा होती का? जुन्या शाळांत बहुधा रुळाचा तुकडा टांगलेला असे. रुळाच्या मधल्या उभ्या अंगावर तो कोणत्या गिरणीत आणि कोणत्या साली तयार झाला, हे उठावाने लिहिलेले असते. रूळ निकामी झाल्यावरच शाळेत येणार, त्यामुळे शाळा त्या सालाइतकी जुनी असे म्हणता येत नाही. पण घंटा त्या सालानंतरची, एवढे ठाम ठरते.

टिळकवाडीकर :

ओसरीच्या शेवटच्या वाशाला लोखंडी आकडा आहे. आकड्याच्या आतल्या बाजूला घासून घासून खोबण पडली आहे. घंटा नाही.

संतीबस्तवाडची लेक :

घंटा होती. आईला विचारले. रुळाचाच तुकडा होता आणि तो वाजवायचा मान चौथीतल्या मुलांना मिळे. शाळा बंद झाली तेव्हा शिपाईमामांनी तो घरी नेला, कारण भंगारवाला न्यायला आला होता आणि त्यांना ते बघवले नाही. त्यांचे घर वडगावात होते. मी आज दुपारी तिथे जाऊन आले. मामा आता नाहीत, पण त्यांच्या सूनबाईंनी मला मागच्या अंगणात नेले. तुळशीकट्ट्याशेजारी तो तुकडा आहे, त्यावर धुणे आपटतात. वरची बाजू गुळगुळीत झाली आहे, पण मधल्या अंगावर गंजाखाली उठावाची अक्षरे बोटाला लागतात. इतिहासासाठी हवा असेल तर त्या आनंदाने देणार आहेत, फक्त धुण्यासाठी दुसरा दगड आणून द्यावा, असे म्हणाल्या.

खानापूरचा जांभा :

दगड मी आणतो. उद्या सकाळी नऊ वाजता गाडी घेऊन वडगावात येतो. तोपर्यंत कोणी गंज खरवडू नये. पातळ कागद आणि मऊ शिसपेन्सिल घेऊन या. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढायचो, तसाच काढायचा आहे.

संतीबस्तवाडची लेक :

आई पण येणार म्हणते आहे. तिला एकदा तो तुकडा वाजवून पाहायचा आहे. चौथीत तिची पाळी आली होती, त्या दिवशी ती तापाने घरी होती.